अपेंडिक्सचा रक्ताचा रिपोर्ट: आकड्याआधी घड्याळ बघा

रात्रीचे दोन वाजलेत. कॅज्युअल्टीत एक तरुण पेशंट उजव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडलाय. लॅबमधून रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी १४,२००, सीआरपी (सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन) ८. ड्युटीवरचा नवा डॉक्टर फोनवर सांगतो, "सर, पोट उजवीकडे दुखतंय, पण सीआरपी नॉर्मल आहे. सौम्यच असेल. सकाळी बघूया का?"

मी एकच प्रश्न विचारतो. दुखायला किती वाजता लागलं?

"रात्री आठला, सर."

म्हणजे जेमतेम सहा तास. एवढ्या वेळात सीआरपी वाढायला सुरुवातही झालेली नसते. हा ८ चा आकडा काहीच सांगत नाही, ना बरं ना वाईट. हाच ८ चा आकडा दोन दिवस दुखणाऱ्या पेशंटमध्ये आला असता, तर मी खरंच निर्धास्त झालो असतो.

हा लेख नुकतेच वॉर्डात उभे राहू लागलेल्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी आहे. घरातल्या कुणाचा रिपोर्ट हातात धरून वाचणाऱ्यांनाही तो समजावा, असा माझा प्रयत्न आहे. मात्र त्यांना आधीच सांगतो: इथले आकडे वाचून घरी थांबायचं की नाही, हे ठरवू नका. पोट हाताने तपासल्याशिवाय अपेंडिक्सचा निर्णय होत नाही.

पहिली पायरी: तीव्रता म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, साधारण करंगळीएवढी, एका बाजूने बंद असलेली नळी. मळाचा कडक खडा अडकला किंवा भिंतीतल्या लसिका गाठी सुजल्या, की तिचं तोंड बंद होतं. आतला स्राव साचतो, दाब वाढतो, भिंतीतला रक्तपुरवठा अडतो आणि जंतू भिंतीत शिरतात. इथपर्यंतचा आजार 'साधा'. पुढे भिंत काळी पडून सडली, भोक पडलं, पू झाला, गळू धरलं किंवा पू पोटभर पसरला, की तो 'गुंतागुंतीचा'.

रक्ततपासणीकडून आपल्याला मुख्यतः एवढंच हवं असतं: हा पेशंट पहिल्या गटातला वाटतो की दुसऱ्या? कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. साध्या आजारात अँटिबायोटिक सुरू करून, पेशंटवर लक्ष ठेवून, दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत ऑपरेशन केलं तरी चालतं. निवडक पेशंटना नुसत्या अँटिबायोटिकवरही ठेवता येतं. फिनलंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात सीटी स्कॅनने साधा आजार पक्का केलेल्या लोकांना फक्त औषधं दिली, तेव्हा पाच वर्षांत सुमारे ३९ टक्के लोकांना अपेंडिक्सचा त्रास पुन्हा होऊन ऑपरेशन लागलं, बाकीच्यांचं निभावलं. गुंतागुंतीच्या आजारात मात्र ही ढील नसते.

दुसरी पायरी: केसपेपरवर दुखण्याची वेळ लिहा

"कालपासून दुखतंय" हे उत्तर घेऊ नका. शेवटचं नीट जेवण कधी झालं? पहिल्यांदा बेंबीभोवती अस्वस्थ वाटलं तेव्हा काय करत होतात? झोपेतून जाग आली का? असं विचारत गेलात की पेशंट स्वतःच वेळ शोधून देतो. दुखणं उजवीकडे खाली सरकलं ती वेळ नको. बेंबीजवळ सुरू झालं ती वेळ लिहा, कारण आजार तिथून मोजायचा असतो.

ही वेळ इतकी महत्त्वाची का? कारण रक्तातला प्रत्येक घटक आपापल्या चालीने चढतो. पांढऱ्या पेशी लवकर वाढतात, पहिल्या काही तासांतच, कारण त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या आणि अस्थिमज्जेत तयार असलेल्या साठ्यातून बाहेर पडतात. सीआरपी मात्र यकृताला नव्याने बनवावं लागतं. सूज सुरू झाल्याचा निरोप यकृतापर्यंत पोचायला, तिथे प्रथिन तयार व्हायला आणि ते रक्तात मोजण्याइतकं साठायला सहा ते बारा तास लागतात. त्यानंतर ते झपाट्याने वाढतं आणि साधारण ३६ ते ५० तासांत शिखर गाठतं. सूज थांबली की दर १९ तासांनी ते जवळपास निम्मं होत जातं.

म्हणून मी रिपोर्टच्या कडेला, प्रत्येक आकड्यापुढे, पेन्सिलने तास लिहितो. 'सीआरपी ८ (६ तास)'. 'सीआरपी ९४ (२२ तास)'. तास लिहिले नाहीत तर सकाळच्या राउंडला येणाऱ्याला त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

तिसरी पायरी: सॅम्पल नीट घ्या

हे पटकन सांगतो, पण यात चुका फार होतात. जांभळ्या टोपणाची ट्यूब पेशींच्या मोजणीसाठी. ती हलकेच आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, गदागदा हलवायची नाही. लाल किंवा पिवळ्या टोपणाची ट्यूब सीआरपी, बिलीरुबिन (पित्तातला पिवळा घटक), सोडियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) यांसाठी. ज्या हातात सलाईन चालू आहे, त्या हातातून रक्त घेऊ नका. सलाईन मिसळलं की पेशी विरळ दिसतात आणि सोडियमचा आकडा बिघडतो. आणि रक्त पहिल्यांदा घेताना सगळंच एकदम पाठवा. सोडियम आणि बिलीरुबिन नंतर आठवलं, तोवर सलाईनच्या दोन बाटल्या गेलेल्या असतात.

चौथी पायरी: पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्यातले गट

मोठ्या माणसात ४,००० ते ११,००० ही नेहमीची पातळी. अपेंडिक्सला सूज आली की बहुतेकांचा काउंट ११,००० ते १८,००० मध्ये सापडतो. १८,००० च्या वर गेला तर फुटल्याची किंवा पू झाल्याची शंका घ्या. पण नुसत्या एकूण आकड्यावर तीव्रता ठरवू नका. साध्या आणि गुंतागुंतीच्या आजारातले काउंट एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. फुटलेलं अपेंडिक्स १२,००० च्या काउंटसह येतं, आणि नुसतं लालसर सुजलेलं १७,००० सह.

खरी माहिती गटांत असते. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचे दोन मुख्य गट. न्यूट्रोफिल ७५ टक्क्यांच्या वर गेले, की जंतुसंसर्गाकडे बोट जातं. ८५ च्या वर असतील तर जास्त गंभीर धरा. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागून येणारा आकडाही बघा. आपल्या रात्रीच्या पेशंटचे न्यूट्रोफिल ८१ आणि लिम्फोसाइट १४ टक्के असतील, तर भागाकार सहाच्या जवळ येतो. पाचच्या आसपास अपेंडिक्सची शक्यता बळावते. आठ-नऊच्या वर गुंतागुंतीची. याला पैसे लागत नाहीत, वेगळी तपासणी लागत नाही, फक्त भागाकार करायचा असतो, आणि तरीही तो क्वचितच कुणी करतं.

लॅबमधल्या माणसाने काचेवर रक्त पाहून 'बँड पेशी वाढलेल्या' किंवा 'टॉक्सिक ग्रॅन्युल्स' असं लिहिलं असेल, तर त्या दोन शब्दांना मान द्या. मज्जेतून अर्धवट पिकलेल्या पेशीही लढायला पाठवल्या जात आहेत, असा त्याचा अर्थ आहे.

आणि सगळ्यात धोक्याचा काउंट वाढलेला नसतो, तो घसरलेला असतो. ताप, धाप, वेगाने चालणारी नाडी आणि काउंट ३,२००, असा पेशंट समोर आला, तर संसर्ग रक्तात पसरून पेशींचा साठा संपत चालला आहे, असंच धरून चाला.

काही लोकांत हे मोजमाप बिघडतं. गरोदरपणात काउंट एरवीही १५,००० च्या आसपास असू शकतो. स्टेरॉइड घेणाऱ्याचा काउंट सूज नसतानाही चढतो. केमोथेरपी चालू असलेल्याचा चढतच नाही. आणि म्हाताऱ्या माणसांत काउंट बेताचाच, ताप नाही, पोटही फारसं कडक नाही, आणि आत मात्र पू, हे मी इतक्यांदा पाहिलंय की साठीच्या पुढच्या पेशंटचा नॉर्मल काउंट मी दिलासा म्हणून वाचतच नाही.

पाचवी पायरी: सीआरपी, आणि त्याचं एकक

सीआरपीचा शोध १९३० चा. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात, त्या जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाला चिकटणारं एक प्रथिन सापडलं, तेच हे. तेव्हापासून शरीरात कुठेही आग लागली की ते वाढतं, हे ठाऊक आहे. कुठे लागली हे मात्र ते सांगत नाही. न्यूमोनियातही वाढतं, मूत्रपिंडाच्या संसर्गातही, संधिवातातही.

अपेंडिक्समध्ये माझी ढोबळ वाचणी अशी. लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली, आणि दुखून २४ तास उलटलेत: गंभीर आजाराची शक्यता कमी. १० ते ५०: सूज आहे, पोट आणि सोनोग्राफी बघून ठरवा. ५० च्या वर: गुंतागुंत डोक्यात ठेवा. १०० च्या वर: फुटलंय किंवा गळू धरलंय असं समजून तयारी करा, चूक ठरलं तर आनंदच आहे. हे आकडे म्हणजे दगडावरच्या रेघा नव्हेत. पंधरा तासांतच ७० झालेला सीआरपी मला साठ तासांत ९० झालेल्यापेक्षा जास्त घाबरवतो, कारण पहिला अजून चढणार आहे.

आता एककाकडे लक्ष द्या, आणि इथे जरा थांबून वाचा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये. दोन्हींत दहापट फरक आहे. दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या पेशंटच्या कागदावर '१२' दिसतं, आपण 'किंचित वाढलेला' म्हणून पुढे जातो, आणि तो असतो प्रति डेसीलिटर, म्हणजे आपल्या हिशेबाने १२०. ही चूक माझ्या डोळ्यांदेखत झालेली आहे. तेव्हापासून आकडा वाचण्याआधी माझी नजर एककाच्या रकान्यावर जाते.

सहावी पायरी: बिलीरुबिन आणि सोडियम

या दोन तपासण्या रिपोर्टवर असतात, पण अपेंडिक्सच्या पेशंटमध्ये त्या कुणी नीट वाचत नाही. माझ्या मते तीव्रतेचा सगळ्यात कामाचा इशारा इथे दडलेला असतो.

बिलीरुबिन म्हटलं की आपल्याला कावीळ आठवते. अपेंडिक्सचा त्याच्याशी काय संबंध? संबंध रक्ताच्या वाटेचा आहे. आतड्यातलं आणि अपेंडिक्समधलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, ते पोर्टल शिरेने आधी यकृतात जातं. अपेंडिक्सची भिंत सडू लागली की जंतू आणि त्यांची विषं याच वाटेने यकृतात पोचतात, आणि यकृताच्या पेशींचं पित्त बाहेर टाकण्याचं काम मंदावतं. बिलीरुबिन थोडंसंच वाढतं, डेसीलिटरला १.३, १.६, कधी २ मिलिग्रॅम. डोळे पिवळे दिसत नाहीत. यकृताची इतर एन्झाइम बहुधा ठीक असतात. म्हणूनच ते नजरेतून सुटतं.

पोट उजवीकडे दुखतंय, सीआरपी चढलेला आहे आणि बिलीरुबिन १.६ आहे, हे तिन्ही एकत्र दिसलं, तर सडलेल्या किंवा फुटलेल्या अपेंडिक्सची शक्यता स्पष्टपणे वाढते. उलट बाजू मात्र खरी नाही: बिलीरुबिन नॉर्मल आहे म्हणून फुटलेलं नाही, असं म्हणता येत नाही.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. गिल्बर्ट सिंड्रोम ही जन्मतः असणारी निरुपद्रवी गोष्ट बऱ्याच लोकांत असते. अशा माणसाचं बिलीरुबिन उपाशी राहिलं किंवा आजारी पडलं की आपोआप वाढतं, आणि अपेंडिक्सचा पेशंट दिवसभर उपाशीच असतो. त्याच्यात वाढलेला भाग जवळपास सगळा 'इनडायरेक्ट', म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेला असतो. म्हणून एकूण आकड्यावर थांबू नका, डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं) किती तेही बघा, आणि जुना रिपोर्ट असेल तर मागवा.

सोडियमची गोष्ट वेगळी. जोरदार सुजेत तयार होणारी रसायनं मेंदूला पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडायला लावतात. शरीरात पाणी साठतं आणि सोडियम पातळ होतं. लिटरला १३५ मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली आलेलं सोडियम गुंतागुंतीच्या अपेंडिक्समध्ये जास्त वेळा दिसतं, मोठ्यांत आणि मुलांतही. आकडा १३२ किंवा १३३ इतका माफक असतो, आणि 'उलट्यांमुळे असेल' म्हणून आपण तो सोडून देतो. उलट्या हे एक कारण असू शकतं, लघवी वाढवणारी औषधंही असू शकतात, साखर खूप वाढली असेल तरी सोडियम खोटं कमी दिसतं. ही कारणं तपासा. ती नसतील, तर त्या १३२ ला गंभीरतेच्या बाजूने मत द्या.

सातवी पायरी: बाकीच्या तपासण्या, थोडक्यात

प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारा आणखी एक घटक) अपेंडिक्स आहे की नाही हे सांगायला दुबळं आहे. पण वाढलेलं असेल, तर फुटल्याची किंवा पू झाल्याची शंका पक्की करतं. नसलं तर अडत नाही. लॅक्टेट (शरीराला रक्त-ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) लिटरला २ मिलिमोलच्या वर गेलं तर सावध व्हा, ४ च्या वर म्हणजे पेशंटला आधी सांभाळा, बाकीचं नंतर. क्रिएटिनिन हवंच, कारण सीटी स्कॅनचं औषध आणि अँटिबायोटिकचा डोस दोन्ही त्यावर ठरतात. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची गरोदरपणाची तपासणी करा, न विसरता. गर्भाशयाच्या नळीत राहिलेला गर्भ फुटला तरी दुखणं याच जागी येऊ शकतं.

आठवी पायरी: सगळं एका जागी मांडा

सुटे आकडे डोक्यात ठेवण्यापेक्षा गुणांकन वापरा. १९८६ चं अल्वाराडो गुणांकन सगळ्यांना पाठ असतं. त्यात १० पैकी ३ गुण रक्ताचे, पण सीआरपी नाही. २००८ चं एआयआर (अपेंडिसायटिस इन्फ्लमेटरी रिस्पॉन्स) गुणांकन मला जास्त आवडतं, कारण त्यात १२ पैकी ६ गुण रक्ताला आहेत. पेशी १०,००० ते १४,९०० असतील तर १, १५,००० किंवा वर २. न्यूट्रोफिल ७० ते ८४ टक्के १, ८५ किंवा वर २. सीआरपी १० ते ४९ असेल तर १, ५० किंवा वर २. बाकी उलटी १, उजवीकडे खाली दुखणं १, ३८.५ सेल्सिअस किंवा वर ताप १, आणि दाबून सोडल्यावर येणारी कळ किंवा पोटाचा कडकपणा १ ते ३. बेरीज ४ पर्यंत म्हणजे शक्यता कमी, ५ ते ८ मधली, ९ ते १२ जास्त.

एक पेशंट मांडून बघू. दुखून ३० तास. उलटी झाली: १. उजवीकडे दुखतं: १. कळ मध्यम: २. ताप ३८.७: १. पेशी १६,८००: २. न्यूट्रोफिल ८७: २. सीआरपी १३४: २. बेरीज ११. आता याच्याशेजारी गुणांकनात नसलेले दोन आकडे ठेवा: बिलीरुबिन १.९, त्यातलं डायरेक्ट ०.८, आणि सोडियम १३२. गुणांकन म्हणतंय अपेंडिक्स आहे. शेजारचे दोन आकडे म्हणताहेत, बहुधा सडलंय. या पेशंटसाठी सर्जनला झोपेतून उठवायचं, सलाईन आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं, आणि सकाळची यादी यायची वाट बघायची नाही.

नववी पायरी: शंका असेल तर पुन्हा रक्त घ्या

सुरुवातीच्या पेशंटकडे परत येऊ. सहा तासांचं दुखणं, काउंट १४,२००, सीआरपी ८. याला घरी पाठवायचं नाही आणि 'सौम्य' असं लिहायचंही नाही. त्याला ठेवून घ्या, दर दोन-तीन तासांनी त्याच हाताने पोट तपासा, आणि सहा ते आठ तासांनी रक्त पुन्हा पाठवा. सकाळी दहाला सीआरपी ६१ आणि काउंट १५,९०० आला, तर दिशा कळली. काउंट ९,५०० वर उतरला, सीआरपी ११ वरच राहिला आणि पेशंट जेवायला मागतोय, तर तीही दिशाच आहे.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. मी शिकाऊ होतो. पहाटे एका मुलाचं दुखणं अचानक कमी झालं, आईच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि मलाही हायसं वाटलं. पण नाडी मिनिटाला १२८ होती. अपेंडिक्स फुटलं की आतला दाब सुटतो, काही काळ बरं वाटतं, आणि मग दुखणं पोटभर पसरतं. पहाटे घेतलेल्या रक्तात सीआरपी रात्रीच्या तिप्पट होता. दुखणं कमी आणि आकडे वाढते असतील, तर आकड्यांवर विश्वास ठेवा.

आणि याच्या उलट: पोट लाकडासारखं कडक झालंय, हुडहुडी भरतेय, रक्तदाब उतरतोय किंवा पेशंट गुंगतोय, तर रिपोर्टसाठी थांबूच नका. पाच वर्षांखालच्या मुलांत फार लवकर फुटतं, गरोदर स्त्रीत अपेंडिक्स वर सरकलेलं असतं. या दोघांत सोनोग्राफी लवकर करून घ्या. खडा, गळू, बाहेर सुटलेली हवा हे सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन दाखवतात, रक्त दाखवत नाही.

दहावी पायरी: ऑपरेशननंतरचा सीआरपी

ऑपरेशन हीसुद्धा शरीराला झालेली इजा आहे, त्यामुळे सीआरपी त्यानंतर आणखी वाढतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. नातेवाईक घाबरतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. तिसऱ्या दिवसानंतर तो उतरायला हवा. चौथ्या किंवा पाचव्या दिवशी उतरला नाही, किंवा उतरून पुन्हा चढला, संध्याकाळी ताप येतोय आणि पोट फुगलंय, तर अँटिबायोटिक बदलत बसू नका. सोनोग्राफी किंवा सीटी मागवा आणि ओटीपोटात, आतड्यांच्या वळ्यांत कुठे पू साठलाय, ते शोधा.